आजाराची पैसेवारी

पैसेवारी म्हणजे काय, ते कोरडवाहू शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. गावाच्या पिकाला ५० पैशांच्या वर आकडा लागला की गाव सुकाळात, खाली लागला की टंचाईत. तुमच्या वावरात कपाशी गुडघ्याएवढीच राहिली, ज्वारीचे कणीस भरलेच नाही, हे त्या आकड्याला ठाऊक नसते. अतिवृष्टीचेही तेच. मंडळाच्या पर्जन्यमापकात ६५ मिलिमीटर भरले तर अतिवृष्टी. तुमचा बांध फुटून माती नाल्यात गेली आणि मापकात साठच भरले, तर कागदावर काही झालेले नसते. मोजायचे असते एक आणि मोजायला सोपे असते दुसरे. सरकार सोपे ते मोजते आणि पुढे त्या सोप्या मापालाच खरे धरून चालते.

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, हीच पैसेवारी आता आपल्या आजारपणालाही लागू होऊ लागली आहे. सरकारी दवाखान्यात कृत्रिम बुद्धिमत्ता येते आहे. सगळे तिला एआय म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. छातीचा फोटो यंत्र वाचते, डोळ्याच्या पडद्याचा फोटो यंत्र वाचते, कोणाला आधी तपासायचे आणि कोणाला नंतर याचे गणित यंत्र मांडते. बैठकांमधून काहीजण आम्हाला विचारतात की हे चांगले की वाईट. नांगर चांगला की वाईट असे आपण विचारत नाही. कोणाच्या वावरात, किती खोल आणि कोणाच्या खर्चाने चालतो ते विचारतो. तेवढेच इथे विचारायचे आहे.

हे यंत्र असते तरी काय? त्याला लाखो जुनी उदाहरणे दाखवतात. हा फोटो क्षयाचा, हा निरोगी, हा पुन्हा क्षयाचा. उदाहरणे पाहून पाहून ते खुणा ओळखायला शिकते. आपल्या ओळखीचे उदाहरण घ्या. मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेने बोंडअळीसाठी एक मोबाईलवरचे साधन केले आहे. कामगंध सापळ्यात अडकलेल्या पतंगांचा फोटो काढला की ते पतंग मोजते आणि फवारणी करायची की थांबायचे ते सांगते. हीच संस्था क्षयरोगाच्या सरकारी कार्यक्रमासाठीही काम करते. म्हणजे पतंग मोजणारी विद्या आणि फुप्फुस वाचणारी विद्या एकाच घराण्यातली. फरक चुकीच्या किमतीत आहे. पतंगांची मोजणी चुकली तर एक फवारणी फुकट जाते, फार तर एक वेचणी हातची जाते. फुप्फुसाची चुकली तर घरातला माणूस जातो.

आता एक अमेरिकेतली हकीकत सांगतो. ती दूरची असली तरी तिचे गणित अगदी पैसेवारीचे आहे.

तिथल्या दवाखान्यांत एक यंत्रणा होती. ज्या रुग्णांना अनेक जुनाट आजार आहेत त्यांच्यासाठी खास देखभालीचा कार्यक्रम असतो. जादा परिचारिका, घरी फोन, लवकर भेट. जागा थोड्या असतात, म्हणून कोणाला घ्यायचे ते यंत्र ठरवत असे. प्रत्येकाला एक आकडा मिळे, आणि सर्वांत वरच्या ३ टक्क्यांत येणाऱ्यांची नावे आपोआप त्या कार्यक्रमासाठी निघत. झियाद ओबरमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मोठ्या रुग्णालयातली ही यंत्रणा तपासली आणि २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापले. सारख्याच आकड्याचे गोरे आणि काळे रुग्ण शेजारी शेजारी ठेवले, तर काळे रुग्ण जास्त आजारी निघाले. यंत्राला कातडीचा रंग कोणी सांगितलेलाच नव्हता. मग भेदभाव आला कुठून?

तो आला मापातून. यंत्राला शोधायला सांगितले होते की पुढच्या वर्षी कोणाच्या उपचारावर जास्त खर्च होईल. ज्याच्यावर जास्त खर्च तो जास्त आजारी, असा हिशेब. पण तेवढ्याच आजारांच्या काळ्या माणसावर गोऱ्यापेक्षा वर्षाला सुमारे १,८०० डॉलर कमी खर्च होत होता. दवाखाना लांब, कामावरून सुटी नाही, डॉक्टरवर भरवसा नाही, अशा कारणांनी तो कमी वेळा जात होता, गेला तरी त्याच्यावर कमी खर्च होत होता. यंत्राने त्याची वंचना पाहिली आणि तिचा अर्थ लावला प्रकृती चांगली असल्याचा. खर्चाऐवजी खरा आजार मोजला असता, तर त्या कार्यक्रमासाठी आपोआप निवडल्या गेलेल्यांत काळ्या रुग्णांचा वाटा १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेला असता. अशा प्रकारची गणिते अमेरिकेत वर्षाला सुमारे २० कोटी लोकांना लावली जात असल्याचा त्या धंद्याचा अंदाजही त्याच लेखात दिला आहे.

हे वाचून आम्हाला अमेरिका आठवली नाही. वेचणीच्या दिवसांतली आपली बाई आठवली. पहाटे भाकरी थापून वावरात जाते, दिवसभर वाकून कापूस वेचते, संध्याकाळी ओझे वजनकाट्यावर घालते. महिनाभर अंगात कणकण आहे, खोकला आहे, पांढरे जाते आहे. दवाखान्यात गेली तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून ती जात नाही. तिच्या नावावर केसपेपर नाही, औषधाचे बिल नाही, कुठल्या विमा योजनेत दावा नाही. ज्या यंत्राला आजार म्हणजे खर्च एवढेच शिकवले, त्या यंत्राच्या लेखी ही बाई गावातली सगळ्यात धडधाकट बाई आहे.

सरकारी योजनांकडे सर्वांत नीटनेटकी माहिती कसली असते, तर दाव्यांची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किंवा आयुष्मान भारतमध्ये माणूस भरती झाला, ठरलेल्या यादीतला उपचार झाला, रुग्णालयाने बिल लावले, की संगणकात एक ओळ तयार होते. यादीत नसलेल्या दुखण्याची ओळ नाही. भरती न झालेल्या माणसाची ओळ नाही. वाटेत, गाडीत, घरी मेलेल्याची तर नाहीच नाही. ज्या जिल्ह्यात खाजगी रुग्णालये दाट, तिथल्या ओळी जास्त. उद्या कोणी या ओळी यंत्राला खाऊ घालून विचारले की नवे तपासणी केंद्र कुठे द्यावे, तर जिथे आधीच रुग्णालये आहेत तिथेच द्या, असे उत्तर येईल. ते संगणकातून आलेले असल्याने त्याच्याशी भांडायचे कोणी, हा प्रश्न पडेल. तलाठ्याशी तरी भांडता येत होते.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा झाली आणि २० हून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. ते वर्ष कोणी विसरलेले नाही. पण मळमळ, डोकेदुखी, अंधारी एवढ्यावर निभावलेले जे लोक गावच्या डॉक्टरकडून सुई घेऊन परत कामावर गेले, त्यांच्या कागदावर काय लिहिले गेले असेल? ताप, अशक्तपणा, उलटी. कोणते औषध फवारले, किती तास फवारले, हे केसपेपरवर लिहायची जागाच नसते. जे लिहिलेच नाही ते यंत्र शिकणार कुठून?

आम्ही शेतीशास्त्र शिकलो तेव्हाचा एक साधा धडा आहे. वाण ज्या जमिनीत तपासला त्या जमिनीचाच निकाल तो देतो. ओलिताखाली बारा क्विंटल देणारा वाण हलक्या बरड रानात, एका पावसाच्या भरवशावर काय देईल, ते तिथेच पेरून बघावे लागते. औषधाच्या उपकरणांतही असेच झाले आहे. बोटाला लावून रक्तातला प्राणवायू सांगणारा चिमटा करोनाच्या काळात घरोघर पोहोचला. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतून अभ्यास प्रसिद्ध झाला, की चिमटा ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला खरा प्राणवायू ८८ च्या खाली गेलेला असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर काळ्या रुग्णांत ११.७ टक्के होते. चिमट्यात एआय नाही, साधा प्रकाश आहे. एवढ्या साध्या उपकरणाला जर कातडीचा रंग चकवतो, तर लाखो फोटोंवर शिकलेले यंत्र कोणत्या माणसांवर शिकले हे विचारणे म्हणजे विज्ञानाला विरोध नव्हे. बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल वाचण्याइतके ते साधे काम आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ढाक्यात २३,९५४ लोकांच्या छातीचे फोटो पाच वेगवेगळ्या यंत्रणांना आणि तिथल्या क्ष-किरण तज्ज्ञांना वाचायला दिले. २०२१ साली निकाल छापून आला, आणि पाचही यंत्रणा तज्ज्ञांपेक्षा सरस ठरल्या. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षे आणि त्यावरील वयाच्या लोकांच्या क्षयरोग तपासणीत माणसाऐवजी यंत्राने फोटो वाचायला मान्यता दिली. आपल्याकडे ७ डिसेंबर २०२४ पासून ३४७ जिल्ह्यांत क्षयरोगाची १०० दिवसांची मोहीम झाली, तिच्यात हातात धरायची क्ष-किरण यंत्रे आणि एआय दोन्ही वापरले गेले. ज्या तालुक्यात फोटो वाचणारा तज्ज्ञ कधी आलाच नाही, तिथे वाचणारे यंत्र आले तर आम्ही दार लावून घेणार नाही. मात्र त्याच ढाक्याच्या अभ्यासात हेही दिसले की वयस्क माणसांत, आणि पूर्वी क्षयरोग होऊन गेलेल्यांत, यंत्रे तेवढी नीट चालली नाहीत. आपल्या गावातली खोकणारी म्हातारी माणसे डोळ्यापुढे आणा.

आणि खरी गोम पुढेच आहे. हे यंत्र क्षय आहे किंवा नाही असे सांगत नाही. ते एक आकडा देते, समजा शून्य ते शंभरमधला. कोणत्या आकड्याच्या वर गेलेल्या माणसाची थुंकी तपासायची, ती रेषा माणसांनी आखायची असते. रेषा खाली ओढली तर जास्त लोकांची थुंकी तपासावी लागते, कार्ट्रिज जास्त लागतात, खर्च वाढतो, आणि खरे रुग्ण सुटत नाहीत. रेषा वर नेली तर खर्च वाचतो आणि काही खरे रुग्ण ‘ठीक आहे’ असे ऐकून घरी जातात. ते घरात खोकत राहतात, नातवंडांना देतात. समजा, कोणी रेषा पन्नासवर ठेवली. (पुन्हा पन्नासच!) एकोणपन्नास आलेल्या माणसाला कोणी सांगते का, की तुझा एक आकड्याने हुकला? तो निर्णय यंत्राचा नाही. वर कुठेतरी बसून किती कार्ट्रिज परवडतात याचा हिशेब करणाऱ्याचा तो निर्णय आहे. त्याने तो यंत्राच्या तोंडून वदवून घेतला, एवढेच. कोणत्या चुकीची किंमत कोणी भरायची हा इथला नीतीचा प्रश्न आहे, आणि ज्यांनी भरायची त्यांना तो आजवर विचारलेला नाही.

थायलंडमधली हकीकत थोडक्यात सांगतो. मधुमेहामुळे डोळ्याचा पडदा खराब होतो, तो ओळखणारे यंत्र गूगल कंपनीने केले. प्रयोगशाळेत ते उत्तम चालले. मग २०१८-१९ मध्ये थायलंडच्या ११ सरकारी दवाखान्यांत लावले. तिथे आधी फोटो तज्ज्ञाकडे पाठवून निकालाला दहा दहा आठवडे लागत, म्हणून परिचारिकाही खूश होत्या. पण दवाखान्यात काळोखी खोली नाही, इंटरनेट मंद, रांग लांब. पहिल्या सहा महिन्यांत घातलेल्या १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के यंत्राने नाकारले, फोटो पुरेसा स्वच्छ नाही म्हणून. फोटो नाकारला की त्या रुग्णाने दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावच्या तज्ज्ञाकडे जायचे. परिचारिकांनाच रुग्णांना सांगावेसे वाटू लागले, की बाबा, यात पडू नकोस, तुझी खेप वाया जाईल. २०२० साली कंपनीच्याच संशोधकांनी हे छापले, ही त्यांची प्रामाणिकता. आपल्या उपकेंद्रातली वीज, मोबाईलची रेंज आणि एसटीची वेळ कोणत्या प्रयोगशाळेत तपासतात?

यंत्र आले की रिकाम्या पदांची आठवण पुसट होते, हा आमचा मोठा संशय आहे. यंत्राला पगार नको, क्वार्टर नको, त्याची बदली होत नाही, ते संपावर जात नाही. पण यंत्राने क्षय ओळखल्यानंतर सहा महिने गोळ्या कोण देणार? डोळ्याचा पडदा खराब निघाला तर लेसर कुठे करायचे? पुढचा उपचार तालुक्यातच काय, जिल्ह्यातही नसेल, तर फोटो काढून माणसाच्या जिवाला घोर लावण्यापलीकडे काय साधले? पाऊस येणार नाही हे अचूक सांगितले म्हणून दुबार पेरणीचे बियाणे मिळत नाही.

चुकले तर जबाबदार कोण? २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत स्पष्ट आहे की एआयवर चालणाऱ्या यंत्रणेने रुग्णाला सल्ला द्यायचा नाही, औषध लिहायचे नाही. तिने डॉक्टरला मदत करायची, शेवटचा शब्द नोंदणीकृत डॉक्टरचा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनेही मार्च २०२३ मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी नीतितत्त्वे काढली, त्यांतही माणसाची देखरेख आणि उत्तरदायित्व आहे. कागद चांगला आहे. पण बाह्यरुग्ण विभागात शंभर-दीडशे माणसे रांगेत असताना एकटा डॉक्टर यंत्राच्या चिठ्ठीखाली सही करतो, तेव्हा वाचन यंत्राचे असते आणि सही डॉक्टरची. दगावला तर डॉक्टर म्हणेल यंत्राने सांगितले, कंपनी म्हणेल आम्ही फक्त मदत करतो, शेवटचा शब्द डॉक्टरचा. रुग्णाने जायचे कुठे? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सेवेला ग्राहक कायदा लावला, पण जिथे सगळ्यांनाच सेवा मोफत, ती सेवा त्या कायद्याबाहेर ठेवली. म्हणजे पैसे मोजणाऱ्याला ग्राहक मंच आहे. मोफत दवाखान्यातल्या माणसाला त्या मंचाचे दार बंद, आणि नव्या यंत्राच्या चाचणीला मात्र तोच माणूस पहिला.

माहितीचा प्रश्नही यातच येतो. सप्टेंबर २०२१ पासून देशभर आभा क्रमांक निघू लागले, १४ अंकी. तो ऐच्छिक आहे. पण केसपेपरच्या खिडकीवर ‘मोबाईल नंबर सांगा, ओटीपी सांगा’ म्हटल्यावर ऐच्छिक म्हणजे काय ते कोण विचारते? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यांत आणखी दीड वर्षाची मुदत ठेवली. त्याच कायद्याने सरकारला लाभ आणि सेवा देण्याच्या कामी बरीच मोकळीक दिली आहे. लग्नाच्या मुलीला क्षय आहे हे चार घरांत कळले तर सोयरीक मोडते. ते किती घरांत कळेल हे तिला न विचारता ठरू नये. शिवाय आपल्या फुप्फुसांचे फोटो पाहून यंत्र शहाणे होते आणि मग त्याचा परवाना सरकारलाच विकला जातो. कापूस इथला, कापड दुसरीकडचे आणि सदरा पुन्हा आपल्यालाच विकत, हा व्यवहार आपण पिढ्यान्पिढ्या पाहिला आहे.

तेव्हा ज्या ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात असे यंत्र आले असेल, तिथल्या रुग्ण कल्याण समितीपुढे हे विचारा, आणि तोंडी उत्तर घेऊ नका. यंत्र कोणत्या लोकांवर तपासले आहे, त्यात आपल्यासारखे कोरडवाहू भागातले लोक होते का? संशयिताची रेषा कितीवर ठेवली आहे आणि ती कोणी ठरवली? रेषेखाली आलेल्या, पण खोकणाऱ्या माणसांची थुंकी तपासतात का? यंत्राने वाचले हे रुग्णाला मराठीत सांगतात का, आणि डॉक्टरनेच बघावे असे तो म्हणाला तर बघतात का? फोटो कोणत्या कंपनीकडे जातात? मंजूर पदांपैकी किती भरली आहेत, हेही त्याच अर्जात विचारा. उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा.

तालुका प्रतिनिधींनी जिल्हा बैठकीला येताना आलेली उत्तरे आणि, नावे झाकून, अशा चिठ्ठ्यांच्या छायाप्रती आणाव्यात. वेचणीला जाणाऱ्या बायांना आणि सालदारांना बैठकीआधीच एक निरोप पोहोचवा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर यंत्राचा आकडा काहीही येवो, थुंकी तपासून मागायची. सरकारी दवाखान्यात ती तपासणी आणि पुढची औषधे मोफत आहेत.